शहर निवडताना आधी माणसे मोजा

फैजपूर, सावदा, यावल, रावेर या केळीच्या पट्ट्यात आज असे घर विरळाच सापडेल, ज्या घरातील एखादा मुलगा वा मुलगी पुण्या-मुंबईस, बंगळूरला किंवा सातासमुद्रापार स्थायिक झालेली नाही. शिक्षण झाले, नोकरी लागली, लग्न ठरले की घरात एकच चर्चा सुरू होते: बिऱ्हाड कोठे थाटायचे? मग चौरस फुटाचा दर निघतो, कर्जाच्या हप्त्याचे गणित मांडले जाते, कार्यालयाचे अंतर, इंग्रजी माध्यमाची शाळा, गाडी लावायला जागा, चोवीस तास पाणी अशी यादी तयार होते. यादी चुकीची नाही. तिच्यात एक प्रश्न मात्र नसतो. त्या वस्तीत आपले म्हणावे असे कोण आहे? घरातील आजी-आजोबांनी तो चुकून विचारलाच, तर त्यांना जुन्या वळणाचे ठरवून गप्प केले जाते.

नेमका हाच प्रश्न सर्वांत आधी विचारणारा एक समाज महाराष्ट्राच्या मातीत शतकानुशतके नांदला आहे. तो म्हणजे कोकणातील बेने इस्रायल, मराठी बोलणारे ज्यू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणच्या खेड्यांत त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर आणि दिव्याचे ते दिवेकर झाले. हिंदू समाजाच्या शेजारात त्यांच्या धर्माला कोणी हात लावला नाही. जगात फार थोड्या भूमींना हा दावा करता येईल.

दहा जणांचा दंडक

ज्यू माणसाला नव्या शहरात राहायला जायचे असेल, तर त्याची चौकशी कशी असते ते पाहावे. त्यांच्या शास्त्राप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. या दहांच्या गणाला ‘मिन्यान’ म्हणतात. नऊ जमले तर काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत, आणि मृत आप्तांसाठी म्हणावयाची प्रार्थना त्यांपैकीच एक आहे. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, वाहनात बसणे निषिद्ध. म्हणजे प्रार्थनालय पायी जाण्याच्या अंतरावर हवे. शास्त्रोक्त रीतीने प्राणी कापणारा माणूस हवा, मुलांना धर्मग्रंथ वाचायला शिकवणारा हवा आणि शेवटी दफनभूमीही हवी. आजच्या मुंबईत सर्वच जण हे नियम काटेकोर पाळतात असे नाही. परंतु शहराची पारख करण्याची रीत या नियमांनी घडवली आहे. तेथे घराची किंमत नंतर विचारली जाते. दहावा माणूस किती अंतरावर राहतो, हे आधी पाहिले जाते.

मुंबईतील ज्यू वस्तीचा नकाशा या रीतीचाच परिणाम आहे. कंपनीच्या फौजेतील सॅम्युएल इझिकेल दिवेकर टिपूच्या कैदेत पडले होते. सुटका झाली तर प्रार्थनालय बांधीन असा त्यांनी नवस केला होता असे सांगतात. १७९६ मध्ये मांडवी भागात त्यांनी ‘शार हरहमीम’ उभारले. मशीद बंदर हे नाव याच प्रार्थनालयावरून पडले, अशी आख्यायिका आजही ऐकू येते. त्यानंतर मांडवी, भायखळा, आग्रीपाडा असे जेथे प्रार्थनालय तेथे बिऱ्हाडे आणि जेथे बिऱ्हाडे वाढली तेथे नवे प्रार्थनालय असा क्रम चालला. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने मुलांसाठी शाळा निघाली. पुढे तीच सर एली कदुरी शाळा झाली. १८७९ मध्ये ठाण्यात ‘शार हशामाईम’ उभे राहिले. दक्षिण मुंबईतील जागा परवडेनाशी झाली तेव्हा अनेक कुटुंबांनी ठाण्याची वाट धरली, कारण तेथे प्रार्थनालय होते आणि तेथे जाणारी माणसेही होती. पुण्यात रास्ता पेठेत त्यांचे ‘सुक्कत शेलोमो’ आहे. १९५१ च्या जनगणनेत साऱ्या देशात सुमारे २६ हजार असलेला हा समाज आज साडेचार-पाच हजारांच्या घरात आला आहे. तरीही ठाण्यात प्रार्थना होते, सण होतात, विवाह होतात.

कौतुक इस्रायलचे, अनुकरण कशाचे?

इस्रायल म्हटले की आपल्याकडील व्याख्यानमाला रंगतात. १९६७ चे सहा दिवसांचे युद्ध, १९७६ ची एन्टेबीची सुटका, वाळवंटात फुलवलेली शेती यांवर टाळ्या पडतात. खानदेशाने ठिबक सिंचन केळीच्या बागेत आणले आणि त्याचे सोने केले. परंतु ज्या साध्या, रोजच्या शिस्तीवर तो समाज टिकला, ती शिस्त मात्र कोणी उचलली नाही. सभागृहात इस्रायलच्या नावाने टाळ्या वाजवणारा गृहस्थ आपल्या मुलासाठी घर पाहताना शेजारी कोण राहतो हे विचारीत नाही, मंदिर किती अंतरावर आहे हे पाहत नाही, मराठी शाळेची तर चौकशीही करीत नाही. असे कौतुक फुकटचे आहे.

यावर एक उत्तर ठरलेले असते. ते मूठभर आहेत, त्यांना एकमेकांना धरून राहावेच लागते. हिंदूंचे काय, सारे शहरच आपले आहे! हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो आणि तेथेच फसवतो. जनगणनेतील बहुसंख्या रात्री दोन वाजता रुग्णालयात सोबतीला येत नाही. तिरडीला चार खांदे लागतात. ते खांदे टक्केवारीने मिळत नाहीत, ओळखीच्या माणसांकडून मिळतात. बाराव्या मजल्यावर आई अंथरुणाला खिळलेली आहे, मुलगा-सून कामावर आहेत आणि समोरच्या दारावरील नावही तिला ठाऊक नाही, हे चित्र आज पुण्याच्या कोणत्याही नव्या उपनगरात दिसते. मूठभरांना आपण थोडे आहोत याची जाणीव असते, म्हणून ते मोजतात. बहुसंख्य समाज मोजत नाही, म्हणून लाखोंच्या शहरात त्याचे घर एकटे पडते.

हे खानदेशाला नवे वाटण्याचे कारण नाही. श्रावणात कानबाई बसते तेव्हा भाऊबंद एकत्र आल्याशिवाय रोटांचा कार्यक्रम होत नाही. दूरदूरचे चुलते-पुतणे त्यासाठी मूळ घरी येतात. आखाजीला लेकी माहेरी येतात. दहांच्या दंडकामागे जे शहाणपण आहे, तेच कानबाईच्या रोटामागे आहे. देवाचे कार्य एकट्याने उरकायचे नसते. ज्यूंनी हा नियम सोबत घेऊन शहर निवडले. खानदेशी माणसाने तो गावातच ठेवून शहर गाठले.

भिंत नको, उंबरठा हवा

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपल्या माणसांत राहावे असे म्हटले की त्यातून जातीच्या सोसायट्या निर्माण होणार नाहीत काय? हा धोका खरा आहे आणि तो टाळण्याचा धडाही बेने इस्रायलांच्याच इतिहासात आहे. त्यांच्यात एके काळी गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता. इस्रायलला गेल्यावर तेथील धर्मपीठाने १९६२ मध्ये विवाहापूर्वी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. ज्या भूमीची शतकानुशतके आस धरली तिच्याच दारात कुळ विचारले गेले. त्यांनी धरणे धरले, उपोषणे केली. १९६४ मध्ये सरकारने बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. दारात रक्त तपासणारा समाज आपल्याच माणसांना दुखावतो, एवढा बोध यातून घेणे पुरेसे आहे. वस्ती देवळाभोवती, शाळेभोवती, सेवाकार्याभोवती जमावी, आडनावाभोवती नव्हे. कोकणात ज्यू बंधू हिंदूंच्या शेजारातच राहिले, एकाच विहिरीचे पाणी प्याले आणि तरीही आपले ते जपून राहिले.

सक्तीने मिळालेल्या शहरातही समाज उभा करता येतो, हेही त्यांनी दाखवले. इस्रायलला गेलेल्या अनेक मराठी ज्यूंना दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद अशा ठिकाणी वसवण्यात आले. निवड त्यांची नव्हती. तेथे त्यांनी आपली प्रार्थनालये उभारली, ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवले, महाराष्ट्र दिन साजरा केला. मुंबईत २००८ च्या नोव्हेंबरमध्ये नरिमन हाउसवर अतिरेक्यांनी हल्ला केला आणि रब्बी होल्ट्झबर्ग दांपत्यासह सहा जणांचा बळी घेतला. ते केंद्र २०१४ मध्ये पुन्हा उघडले. जागा सोडून जाणे सोपे होते. परंतु जागा सोडली तर येणाऱ्याने कोणाच्या दारी जायचे?

रिकाम्या आळ्यांचा इशारा

या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ठाणे भरले आणि इस्रायलमधील गावे भरली, तेव्हा कोकण रिकामे झाले. अलिबागेत इस्रायल आळी हे नाव आहे, १८४८ चे ‘मागेन अबोथ’ प्रार्थनालय आहे. परंतु कोकणच्या कित्येक गावांत आज प्रार्थनालय उभे आहे आणि दहा माणसे जमत नाहीत. वास्तू राहते, गण राहत नाही. फैजपूरने या इशाऱ्याकडे डोळे उघडून पाहावे. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन याच गावी भरले. धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी राबून उभ्या केलेल्या टिळकनगरात सारा देश चालत आला. ज्या गावी देश आला, त्या गावात उद्या कानबाई उचलायला तरुण खांदा मिळेल काय?

स्थलांतर थांबवा असे म्हणणे व्यर्थ आहे. पोटासाठी माणूस जाणारच, बेने इस्रायलही गेले. मुद्दा कसे जायचे याचा आहे. ते जेथे गेले तेथे दहा जण एकत्र गेले किंवा आधीच्या दहांत जाऊन अकरावे झाले. खानदेशी कुटुंबे मात्र एकेकटी जातात. त्यामुळे गावाचे दार बंद होते आणि शहरात नवे दार उघडत नाही. तोटा दोन्हीकडे होतो.

तेव्हा पुढच्या वेळी घरात शहराची चर्चा निघाली की दरपत्रक उघडण्यापूर्वी काही प्रश्न विचारले जावेत. पायी जाता येईल अशा अंतरावर ओळखीची दहा घरे आहेत काय? नसतील तर गावातील आणखी चार कुटुंबांनी त्याच भागात घर घ्यावे यासाठी बोलणे झाले आहे काय? मुलांना आठवड्यातून एक दिवस मराठी वाचायला आणि स्तोत्रे म्हणायला कोठे पाठवणार? वडीलधाऱ्यांना सकाळी बसायला पार, देऊळ किंवा वाचनालय आहे काय? कानबाईला गावी जायची रजा आत्ताच ठरली आहे काय? या प्रश्नांना उत्तरे असतील तर घर दोन खोल्यांचे असले तरी चालेल. नसतील, तर तेथे पहिली दहा घरे जोडण्याचे काम ज्या दिवशी किल्ली हातात पडेल त्याच दिवशी सुरू केले पाहिजे.