ॲनिमे आणि फुटबॉल क्लब : जर्सीवर कार्टून आलं, पण गावाचं काय?

मितो हॉलीहॉक हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसेल. जपानच्या इबाराकी प्रांतातला हा फुटबॉल क्लब २००० मध्ये जे-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे ‘जे-२’मध्ये आला आणि तिथेच राहिला. वरही गेला नाही, खालीही घसरला नाही. वर्षानुवर्षं त्याच बाकावर बसलेला विद्यार्थीच म्हणा. २०२५ चा मोसम मात्र त्यांनी जिंकला आणि पहिल्यांदाच ‘जे-१’ गाठली.

गंमत अशी की हा क्लब ज्यांना आधीपासून माहीत आहे, त्यातल्या अनेकांना ऑफसाइडचा नियम धड सांगता येणार नाही. त्यांची क्लबशी ओळख झाली ती रणगाडे चालवणाऱ्या शाळकरी मुलींमुळे.

‘गर्ल्स उंड पान्झर’ ही ती ॲनिमे मालिका. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. रणगाड्यांची लढाई हा जणू मुलींचा पारंपरिक क्रीडाप्रकार आहे, असं तिचं जग. ऐकायला अचाट, पण कथा घडते ती खऱ्या गावात. मितोहून लोकल रेल्वेने पाव तासाच्या अंतरावरचं ओआराई हे किनाऱ्यावरचं गाव. मार्च २०११ च्या भूकंपात आणि त्सुनामीत त्याला मोठा फटका बसला होता. मालिकेत गावचे रस्ते, दुकानं, बंदर जसंच्या तसं दिसतं. एका भागात तर रणगाडा थेट एका जुन्या हॉटेलात घुसतो. चाहते ते हॉटेल बघायला येऊ लागले. दुकानदारांनी दारात पात्रांचे पूर्णाकृती फलक उभे केले, रेल्वेच्या डब्यांवर चित्रं आली. अशा भटकंतीला जपानीत ‘सेइची जुनरेई’ म्हणतात, म्हणजे पवित्र स्थळांची यात्रा. शब्द थट्टेत वापरला जातो, पण पूर्ण थट्टेत नाही.

शेजारचा क्लब हे बघत होता. त्याने मालिकेशी हात मिळवला. मालिकेच्या नावाचे सामने झाले, वस्तू निघाल्या, खेळाडूंच्या पोशाखावर प्रायोजक म्हणून मालिकेचं नाव झळकलं.

क्लबला याची गरज का पडते?

जे-लीग १९९३ मध्ये १० क्लबांनी सुरू झाली. आज तीन श्रेणींत मिळून ६० क्लब आहेत. लीगने सुरुवातीपासून एक तत्त्व धरलं : क्लब गावाचा, कंपनीचा नव्हे. संघाच्या नावात कंपनीचं नाव नको, प्रत्येक क्लबला स्वतःचं ‘होमटाउन’ हवं. तत्त्व छान आहे. पण ज्या गावात लोकच कमी होत चाललेत, तरुण टोकियोला निघून गेलेत, तिथल्या क्लबाने तिकिटं कुणाला विकायची? इबाराकीत तर कशिमा अँटलर्ससारखा दिग्गज त्याच प्रांतात बसलेला. झिको जिथे खेळला, तो क्लब सोडून मितोच्या स्टेडियमवर बाहेरचा माणूस का येईल?

ॲनिमेचा चाहता येतो. आणि रिकाम्या हाताने जात नाही. जपानी सामन्याच्या दिवशी स्टेडियमबाहेर त्या दिवसापुरत्याच मिळणाऱ्या वस्तूंसाठी लागणारी रांग हा स्वतंत्र विषय आहे : बिल्ले, प्लास्टिकचे फोल्डर, टॉवेल, टेबलावर उभी राहणारी पात्रांची ॲक्रिलिक चित्रं. काही सामन्यांना पात्रांना आवाज देणारे कलाकार मैदानावर येतात, आणि मग गर्दी नेमकी कुणासाठी आहे हे विचारायची सोय उरत नाही.

व्यवहार कसा चालतो तेही बघू. जपानमध्ये बहुतेक ॲनिमे एकट्या स्टुडिओच्या मालकीचं नसतं. प्रकाशक, टीव्ही वाहिनी, खेळणी किंवा संगीत कंपनी असे चार-सहा भागीदार पैसे घालून ‘निर्मिती समिती’ बनवतात आणि हक्क समितीकडे असतात. क्लबला पात्र वापरायचं तर तिची परवानगी लागते. समितीला क्लबचं बोधचिन्ह वापरायचं तर क्लबची. म्हणजे दोन परवान्यांची अदलाबदल. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर दोन एपीआय जोडल्यासारखं. दोन्ही बाजू एकमेकांचा चाहतावर्ग वापरतात, आणि जोडणी तुटली तरी दोन्ही यंत्रणा आपापल्या चालू राहतात.

गाव मात्र या जोडणीत कुठेच लिहिलेलं नसतं. माझा मुद्दा तिथेच आहे.

सगळ्या जोड्या सारख्या नाहीत

नुमाझू हे शिझुओका प्रांतातलं बंदराचं शहर. ‘लव्ह लाइव्ह! सनशाइन!!’ ही २०१६ ची मालिका तिथेच घडते. त्याच शहराचा अझुल क्लारो नुमाझू हा क्लब २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत आला आणि दोघांची जोडी जमली. दुसऱ्या फळीतल्या काही क्लबांनी तर ‘ॲनि×साका!!’ नावाचा एकत्र उपक्रमच काढला. प्रत्येक क्लबची आपली ॲनिमे, आणि दोन क्लब समोरासमोर आले की मालिकाही समोरासमोर. यजमान संघाच्या स्टेडियमवर पाहुण्या संघाचीही पात्रं. पाहुण्या क्लबच्या चाहत्याला परगावी नेण्याची ही युक्ती मला मनापासून आवडते, कारण त्यात जेवण, मुक्काम, रेल्वेचं तिकीट, सगळं त्या गावात खर्च होतं.

दुसऱ्या टोकाला ‘ब्लू लॉक’ घ्या. आपल्याकडे सध्या फुटबॉल ॲनिमे म्हटलं की हेच नाव पहिलं येतं. २०१८ पासूनचा मंगा, २०२२ मध्ये ॲनिमे. कतार विश्वचषकासाठी जपानच्या जर्सीच्या प्रचारात ‘ब्लू लॉक’ आणि ‘जायंट किलिंग’ या दोन्ही मंगांची पात्रं वापरली गेली. त्या स्पर्धेत जपानने जर्मनी आणि स्पेन दोघांनाही २-१ ने हरवलं, आणि प्रचाराला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता. गाजलं, विकलं गेलं, झालं. त्यात वाईट काही नाही. ती जाहिरात होती आणि जाहिरातीसारखीच वागली. खुद्द ‘ब्लू लॉक’मध्ये युरोपातले क्लब येतात तेही बास्टर्ड म्युनिक, मॅनशाइन सिटी अशा वळवलेल्या नावांनी. कथेला ते क्लब हवेत, त्यांचं गाव नको.

या दोन्हींची सरमिसळ केली की फसगत होते. मोठा क्लब एखाद्या गाजलेल्या मालिकेचं चित्र छातीवर लावून मर्यादित आवृत्तीची जर्सी काढतो, किंमत चढी ठेवतो आणि वर ‘दोन संस्कृतींचं मीलन’ वगैरे लिहितो, तेव्हा माझ्या मते चाहत्याने सरळ विचारावं : या मालिकेचा या शहराशी संबंध काय? उत्तर नसेल तर तो टी-शर्ट आहे. हवा तर घ्या, पण टी-शर्टाच्या भावात.

आक्षेप आहेत, आणि खरे आहेत

पहिला आक्षेप जुन्या समर्थकांचा. बाप-आजोबांपासून त्याच स्टँडमध्ये बसणाऱ्याला आपल्या क्लबच्या चिन्हाशेजारी मोठ्या डोळ्यांची मुलगी बघायची नसते. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. पोशाखावर बँकेचं किंवा बिअरचं नाव चालतं, तर शेजारच्या गावाची गोष्ट का नको?

दुसरा अधिक गंभीर आहे. ‘नोरिन’ ही कृषी शाळेवरची मालिका गिफू प्रांतातली; एफसी गिफूशीही तिची जोडी होती. २०१५ मध्ये त्याच प्रांतातल्या मिनोकामो शहराच्या पर्यटनासाठी या मालिकेचं पोस्टर लागलं. त्यातल्या मुलीचं चित्रण इतकं उघडपणे शरीराकडे लक्ष वेधणारं होतं की टीका झाली आणि पोस्टर काढावं लागलं. वाद क्लबचा नव्हता, पण धडा क्लबलाही लागू आहे. घरात रात्री एकट्याने बघायची मालिका वेगळी आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आलेल्या आईच्या डोळ्यांसमोरचा फलक वेगळा. ‘चाहत्यांना आवडतं’ हे कारण स्टेडियमच्या दारात पुरत नाही.

तिसरा आक्षेप टिकाऊपणाचा. मालिका संपते, गर्दी पुढच्या मालिकेकडे वळते. ओआराई-मितोची जोडी टिकली त्यात नशिबाचाही भाग आहे : २०१५ मध्ये चित्रपट आला, २०१७ पासून समारोपाचे चित्रपट टप्प्याटप्प्याने येत राहिले. सगळ्यांना असा लांबलेला शेवट मिळत नाही.

गोष्टीतला क्लब खरा झाला

या सगळ्यात माझी आवडती जोडी जे-लीगच्या बाहेर आहे. योइची ताकाहाशी यांचा ‘कॅप्टन त्सुबासा’ हा मंगा १९८१ मध्ये सुरू झाला. तेव्हा जपानला व्यावसायिक लीगही नव्हती. स्पेनमध्ये ती मालिका ‘ऑलिव्हर आणि बेंजी’ म्हणून, अरब देशांत ‘कॅप्टन माजिद’ म्हणून पोहोचली. या मंगातल्या संघाचं नाव नानकात्सु. ताकाहाशी मूळचे टोकियोच्या कात्सुशिका भागातले. तिथल्या एका स्थानिक क्लबने २०१३ मध्ये नानकात्सु एससी हेच नाव घेतलं आणि पुढे क्लबची धुरा स्वतः ताकाहाशींनी उचलली. २००२ च्या विश्वचषकात गोल केलेला जुनिची इनामोतो २०२२ मध्ये तिथे खेळायला आला, तेही पाचव्या स्तरावरच्या प्रादेशिक लीगमध्ये. भागात त्सुबासाचा पुतळा आहे, योत्सुगी रेल्वे स्थानक २०१९ मध्ये पात्रांनी सजवलं गेलं.

इथे हक्क, गाव आणि क्लब यांच्या मध्ये एकच माणूस उभा आहे, म्हणून हे जमलं. बाकी ठिकाणी तसा माणूस नसतो. तिथे ते काम करारालाच करावं लागेल : विकलेल्या प्रत्येक जर्सीमागे ठरावीक वाटा गावाच्या दुकानदार संघाला किंवा क्लबच्या मुलांच्या अकादमीला, आणि पात्रांचं चित्रण स्टेडियममध्ये लावण्याआधी क्लबच्या समर्थकांना दाखवणं. मितोपुढे आता पहिल्या श्रेणीतले श्रीमंत प्रतिस्पर्धी आहेत. मोठे प्रायोजक दार ठोठावतील, पोशाखावरची जागा महाग होईल. तेव्हा त्या जागेवर ओआराईचं काय उरतं, ते बघायला मी आवर्जून त्यांचे सामने लावणार आहे.