सत्तरीनंतरचे आयुष्मान कार्ड : घरी परतल्यावरच्या शुश्रूषेचे काय?

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा लाभ २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व ज्येष्ठांना खुला झाला. उत्पन्नाची अट नाही. योजना लागू असलेल्या राज्यांत आधारवरून ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड निघते आणि वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत होतात. ही रक्कम कुटुंबासाठी आहे, म्हणजे घरात सत्तरीपुढचे दोघे असतील तर ती दोघांत मिळून वापरायची.

कार्डाचे पैसे रुग्ण दाखल असेपर्यंतच्या उपचारांसाठी असतात. त्याशिवाय दाखल होण्याआधीच्या तीन दिवसांच्या आणि घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांच्या तपासण्या व औषधे त्यात येतात. घरी येऊन कूस बदलणारी, अंग पुसणारी, जखम पाहणारी परिचारिका त्यात नाही. बाजारात अशी व्यक्ती ठेवायची तर किती लागतात हे ज्यांनी ठेवली आहे त्यांना विचारा. त्या खर्चापुढे इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत महिना २०० रुपये आणि ८० नंतर ५०० रुपये एवढाच आहे. राज्ये त्यात आपली भर घालतात, पण त्यातून पगारी माणूस ठेवता येत नाही.

खुब्याचे हाड मोडलेल्या आजींचे उदाहरण घ्या. शस्त्रक्रिया कार्डावर व्यवस्थित होते. खरी अडचण घरी सुरू होते. त्या एकाच कुशीवर पडून राहतात आणि माकडहाडाशी कातडी लाल होते. काही दिवसांत तिथे जखम पडते. ती जखम चिघळली की पुन्हा दवाखाना.

अंथरुणात पडणाऱ्या या जखमांचा पद्धतशीर अभ्यास परिचारिकांनीच केला आहे. डोरीन नॉर्टन या इंग्लंडमधील परिचारिकेने सहकाऱ्यांसोबत रुग्णालयातील वृद्ध रुग्णांचे निरीक्षण करून १९६२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्या काळी कातडीला निरनिराळी मलमे आणि द्रव्ये चोळण्यावर भर असे. नॉर्टन यांच्या अभ्यासातून दिसले की उपयोग होतो तो दाब काढण्याचा, म्हणजे ठरावीक वेळाने कूस बदलण्याचा. कोणाला धोका जास्त आहे हे ओळखण्यासाठी त्यांनी पाच गोष्टींना गुण देणारी पद्धतही बसवली : शरीराची एकूण स्थिती, मनाची जाणीव, चालणे-फिरणे, अंथरुणातली हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा. २० पैकी १४ किंवा कमी गुण मिळाले तर जपायचे. पुढे याच धर्तीवर आणखी पद्धती आल्या, पण मूळ विचार तोच राहिला.

आपल्याकडे पाठीला स्पिरिट लावून पावडर चोळण्याची सवय अजून घरोघरी आहे. लाल झालेल्या, हाडावरच्या कातडीला जोराने चोळू नये, त्याने आतली इजा वाढते. मधे भोक असलेली गोल उशीसुद्धा आता सुचवली जात नाही, कारण तिच्या कडेचा दाब भोवतीच्या कातडीवर पडतो. पोटरीखाली उशी घेऊन टाचा अधांतरी ठेवल्या आणि ओली चादर लगेच बदलली, तर त्याला फारसा पैसा लागत नाही. मात्र माणूस लागतो, आणि तो बहुतेक घरांत सून किंवा मुलगी असते. तिलाही झोप हवी, म्हणून रात्रीच्या पाळ्या घरात वाटून घ्याव्यात.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला आहे. मेरी नेलर या परिचारिका-संशोधकांनी फिलाडेल्फियातील दोन रुग्णालयांत ६५ वर्षांवरील ३६३ रुग्णांवर केलेली चाचणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या रुग्णांना नेहमीप्रमाणे घरी सोडले. उरलेल्यांची तयारी एका अनुभवी परिचारिकेने रुग्णालयातच करून घेतली आणि पुढचे चार आठवडे ती त्यांच्या घरी जात, फोन करत राहिली. २४ आठवड्यांत पहिल्या गटातले ३७.१ टक्के रुग्ण पुन्हा दाखल झाले, दुसऱ्या गटातले २०.३ टक्के. उपचारांचा खर्चही जवळपास निम्मा झाला. तिथल्यासारखे मनुष्यबळ आपल्याकडे नाही हे मान्य, पण परिचारिका घरी गेली तर दवाखान्याचे पैसे वाचतात, हे विमा कवचाच्या हिशेबात धरायला हवे असे वाटते.

कागदावर आपल्याकडेही गृहभेट आहे. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक आरोग्य सेवा कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी आरोग्य कर्मचाऱ्यांनी जाणे अपेक्षित आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरातील सेवांमध्येही ज्येष्ठांची काळजी येते. अडते ते एका साध्या ठिकाणी : शहरातल्या रुग्णालयाने आजींना घरी सोडले, ही बातमी गावच्या केंद्राला आपोआप कळेलच असे नाही. ती द्यावी लागते. घरी येताच आशाताईंना किंवा केंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना ‘रुग्ण अंथरुणावर आहे, गृहभेट हवी’ असे स्पष्ट सांगा.

रुग्णालयातून निघतानाही घाई करू नका. सुटीचा कागद बहुधा इंग्रजीत असतो, सुरत किंवा हैदराबादला उपचार झाले असतील तर मराठीत कोणी समजावेल याची खात्री नसते. तेव्हा परिचारिकेला कूस कशी बदलायची, जखम कशी दिसली तर परत यायचे, हे करूनच दाखवायला सांगा. (शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. विचारायला संकोच नको.)

साधनांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. वय ६० पूर्ण आणि दारिद्र्यरेषेखालील किंवा मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असेल तर वॉकर, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची यांसारख्या वस्तू शिबिरातून मोफत मिळतात. महाराष्ट्राची मुख्यमंत्री वयोश्री योजना वेगळी आहे, तिच्यात ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तीच्या खात्यात एकदा ३,००० रुपये जमा होतात. नावे सारखी असल्याने अर्ज भरताना गोंधळ होतो.

कार्डाबाबत तक्रार १४५५५ वर करता येते. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ आहे, सकाळी ८ ते रात्री ८. फोन करताना रुग्णाचे वय, गाव, जवळचे आरोग्य केंद्र आणि घरी सोडल्याची तारीख हाताशी ठेवा.