धुळीची शिल्लक

लासूर स्टेशनला राहणाऱ्याला धुळीचे कौतुक कोणी सांगू नये. तरीही दूरच्या दीर्घिकांमधली धूळ मोजणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांना ‘याचा उपयोग काय?’ असे विचारणाऱ्यांशी माझे भांडण आहे. बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या मला त्या मोजणीत व्यवहाराचे मोठे शहाणपण दिसते.

आपल्या आकाशगंगेत ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत जो वायू आहे, त्याच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याइतकी धूळ आहे. कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन, लोह यांचे हे बारीक कण. ही मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात वा स्फोटात घडतात. हेलियमहून जड अशा सर्वांना खगोलशास्त्रज्ञ सरसकट ‘धातू’ म्हणतात. तेव्हा धूळ ही गेलेल्या ताऱ्यांनी मागे ठेवलेली शिल्लकच.

नव्या ताऱ्यांचा अतिनील प्रकाश शोषून हे कण तापतात आणि ती ऊर्जा अवरक्त किरणांतून परत देतात. १९८३ च्या आयरास उपग्रहापासून २०२१ मध्ये सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीपर्यंत अनेकांनी ही ऊब टिपली. अतिनील प्रकाश पाहण्यासाठी २०१५ मध्ये भारताचा अ‍ॅस्ट्रोसॅट गेला. त्याच्या अतिनील दुर्बिणीत पुण्याच्या आयुकाचाही वाटा होता.

आता खरी गोम. धातू निम्मे असले की धूळही निम्मी, असा सरळ हिशेब नेहमी जुळत नाही. धातूंनी फार गरीब असलेल्या दीर्घिकांत धूळ त्याहून झपाट्याने घटते. कण वायूतले धातू अंगावर घेत वाढतात. धातूच विरळ, तर वाढ खुंटते. निम्म्या मिळकतीच्या घरात बचत निम्मी नसते, जवळजवळ नसतेच, हे कोणताही शाखाधिकारी सांगेल.

‘आय झ्विकी १८’ ही अशीच एक छोटी दीर्घिका. सूर्याच्या मानाने तिच्यात ऑक्सिजन चाळीस-पन्नासावा हिस्सा. धुळीची ऊब अगदी क्षीण. पण वायू भरपूर आणि नव्या ताऱ्यांचा जन्म जोमात. आकाशगंगेचे प्रमाण लावून, नुसत्या धुळीवरून वायू मोजणारा तिला कंगाल ठरवील. म्हणून जाणते संशोधक आधी तिची रासायनिक घडण तपासतात, मग माप लावतात.

आपल्या कोरडवाहू शेतकऱ्यालाही हाच न्याय हवा. पासबुकात शिल्लक नाही म्हणून त्याची पत नाही, असे समजू नये. आधी त्याची जमीन, पाणी आणि कष्ट पाहावेत. भरल्या घरची फूटपट्टी रित्या घराला लावली, की हिशेब चुकतो आणि माणूसही हातचा जातो.