उज्जयिनीच्या रस्त्यावरचा खोळंबा

उज्जयिनीच्या राजमार्गावर त्या सकाळी खेड्यापाड्यांतून आलेल्या गाड्यांचा खोळंबा झाला नसता, तर गणिका वसंतसेना भलत्याच गाडीत चढली नसती. शकाराच्या गाडीवानाने दुसऱ्या कुणाचे अडकलेले चाक काढून द्यायला आपली गाडी चारुदत्ताच्या वाड्याच्या दाराशी उभी केली. चारुदत्ताचा गाडीवान बैठकीची गादी विसरली म्हणून ती आणायला माघारी फिरला होता. तेवढ्या वेळात वसंतसेना प्रियकर चारुदत्ताऐवजी वैरी शकाराच्या गाडीत बसली. मागाहून आलेल्या चारुदत्ताच्या गाडीत तुरुंगातून पळालेला आर्यक शिरला, पायात अजून बेडी घेऊन. पुढे प्रेमाचा, खटल्याचा आणि राज्याच्या गादीचाही निकाल लागतो तो या अदलाबदलीमुळे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’च्या सहाव्या अंकातली ही करामत आहे.

लोणी काळभोरच्या माणसाला हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही. सोलापूर रस्त्यावरची कोंडी, थेऊरचा ‘यशवंत’ कारखाना चालू होता तेव्हाच्या उसाच्या गाड्या, तुकोबांची पालखी मुक्कामाला आली की माणसांनी भरून वाहणारे गाव, हे सगळे त्याने पाहिलेले असते. रस्ता अडला की कुणाची गाठ कुणाशी पडेल याचा नेम नाही, हे त्याला ठाऊक असते. म्हणूनच संस्कृतातले हे नाटक मला पुस्तकातल्यापेक्षा रस्त्यावरचे जास्त वाटते.

याच गावात, मुळा-मुठेच्या काठी, राज कपूर यांची राजबाग. ‘सत्यम शिवम सुंदरम’ आणि ‘प्रेमरोग’ या चित्रपटांचे चित्रीकरण इथे झाले. आज तिथे एमआयटीच्या विद्यापीठाचा परिसर आहे आणि नाट्य-चित्रपटाचे शिक्षणही मिळते. राजबागेचे नाव निघाले की लोक थोरल्या भावाच्या आठवणी सांगतात. मला मात्र धाकट्या भावाच्या एका धाडसाबद्दल बोलायचे आहे. शशी कपूर यांनी 1984 मध्ये ‘उत्सव’ काढला, तो याच मृच्छकटिकावरून आणि त्याआधीच्या भासाच्या ‘चारुदत्ता’वरून. दिग्दर्शक होते गिरीश कर्नाड, माथेरानला जन्मलेले आणि 1974-75 मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे संचालक असलेले. रेखा वसंतसेना झाली, शेखर सुमन चारुदत्त. शकाराची भूमिका अमिताभ बच्चन करणार होते, पण ‘कुली’च्या वेळच्या अपघातानंतर ती स्वतः निर्मात्यानेच केली. गाणी वसंत देवांची. विजय तेंडुलकरांचा घाशीराम हिंदीत नेणाऱ्या या मराठी माणसाला ‘उत्सव’च्या गीतासाठी फिल्मफेअर मिळाले. चित्रपटात पैसा मात्र बुडाला.

तरीही ‘उत्सव’ने एक गोष्ट फार नेमकी ओळखली होती. आपले अभिजात वाङ्मय नेहमी गंभीर चेहऱ्यानेच समोर आले पाहिजे असे नाही. मृच्छकटिकात जुगारी देवळात शिरून मूर्ती होऊन उभा राहतो, आणि फासे पडल्याचा आवाज कानी आला की त्याला राहवत नाही. शर्विलक हा चोर भिंत फोडतो तीही कलावंताच्या ऐटीने. भोक कमळासारखे असावे, चंद्रकोरीसारखे की घटासारखे, याचा तो आधी विचार करतो, आणि मापायला दोरी नाही म्हणून जानवे काढतो. राजाचा मेहुणा शकार रामायण-महाभारताची अशी खिचडी करतो की त्याच्या तोंडी हनुमान सुभद्रेला पळवतो. हसता हसता प्रेक्षकाला उमगते की अडाणी माणसाच्या हाती सत्ता आली की ती किती भयंकर होते.

या सगळ्या धावपळीच्या मुळाशी काय आहे, ते मला महत्त्वाचे वाटते. साहसकथा म्हटले की तलवार, घोडा आणि तट आठवतो. इथे गोष्ट पुढे सरकते ती कुणीतरी कुणाला काहीतरी देऊन टाकते म्हणून. वसंतसेना अनोळखी जुगाऱ्याचे दहा सुवर्णांचे कर्ज आपल्या हातातले कंकण देऊन फेडते. तिने चारुदत्ताकडे ठेवायला दिलेले दागिने चोरीला जातात, तेव्हा चारुदत्ताची पत्नी धूता आपली रत्नमाला काढून देते, नवऱ्याच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून. शर्विलकाने ही चोरी केलेली असते ती वसंतसेनेच्या दासीला, मदनिकेला, दास्यातून सोडवण्यासाठी. वसंतसेनेला ते कळते आणि ती मदनिकेला मोकळी करून त्याच्या हाती देते. पुढे तोच शर्विलक आर्यकाला कैदेतून सोडवतो. चारुदत्ताचा छोटा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीसाठी रडतो, मातीची गाडी त्याला नको असते. वसंतसेना अंगावरचे दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते.

नाटककाराची कमाल अशी की हेच दागिने नवव्या अंकात न्यायालयात चारुदत्ताचा मित्र मैत्रेय याच्या काखेतून जमिनीवर पडतात, आणि चारुदत्तावरच्या खुनाच्या आरोपाचा पुरावा ठरतात. लेकरावरच्या मायेने बाप सुळाच्या वाटेला लागतो. आणि वाचवतो कोण? तोच कर्जबाजारी जुगारी. तो आता बौद्ध भिक्षू झालेला असतो. शकाराने गळा दाबून मेली म्हणून टाकलेल्या वसंतसेनेला तो शुद्धीवर आणतो आणि वधस्थळी घेऊन येतो. दिलेले कंकण असे परत येते. तिकडे आर्यक राजा झालेला असतो, कारण त्या सकाळी चारुदत्ताने गाडीत सापडलेल्या फरारी माणसाला राजाच्या हवाली केले नव्हते. शेवटी चारुदत्त शकारालाही जिवंत सोडतो. ‘उत्सव’ने शेवट बदलला आणि वसंतसेनेला एकटे ठेवले. तो कर्नाडांचा अधिकार होता, पण मला मूळचा शेवट हवा असतो. देण्याच्या साखळीतली शेवटची कडी क्षमेची आहे, ती तुटली की गोष्ट अर्धी राहते.

मराठीला हे नाटक नवे नाही. परशुरामतात्या गोडबोल्यांनी ते भाषांतरले, आणि हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात त्याचे ‘संगीत मृच्छकटिक’ केले, बोलल्यासारख्या सोप्या मराठीत. पुढे बालगंधर्वांची वसंतसेना गाजली. 1958 मध्ये हबीब तन्वीरांनी छत्तीसगढी लोककलावंतांना घेऊन ‘मिट्टी की गाडी’ केले, तेव्हा दिसले की हे नाटक गावच्या माणसांच्या तोंडी किती शोभते. आपल्याकडे तर वगनाट्याची परंपरा घरचीच आहे. राजा, चोर, गणिका, शिपाई आणि त्यांच्यातली जुगलबंदी तमाशाच्या प्रेक्षकाला नव्याने शिकवावी लागत नाही.

म्हणून राजबागेत शिकणाऱ्या नाट्यविद्यार्थ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. परीक्षेपुरते नव्हे, गावासाठी मृच्छकटिक करा. देवलांची पदे ठेवा, लांबलेली वर्णने कापा, पण जुगार, चोरी आणि गाड्यांची अदलाबदल यांतला एकही प्रसंग सोडू नका. शकार तुमच्यातल्या सर्वांत चांगल्या नटाला द्या. धूतेला दोन वाक्यांची बाई करू नका. तिची रत्नमाला नसती तर ही गोष्ट तिसऱ्या अंकाच्या पुढे फार गेली नसती. प्रयोग सभागृहात नको, गावातल्या पटांगणात करा, म्हणजे शेतावरून, गोदामावरून, कामावरून परतलेली माणसे मुलाबाळांसह बसू शकतील. दीड हजारांहून अधिक वर्षांमागच्या नाटककाराने एका शहराच्या गर्दीवर भरवसा ठेवला होता की तिच्यात देणारी माणसे निघतील. पुण्याच्या वाढत्या गर्दीत दिवस काढणाऱ्या आपल्याला तो भरवसा दर पिढीला नव्याने ऐकायला हवा, आणि तो हसतखेळत ऐकवणारे याहून चांगले नाटक मला माहीत नाही.