केस सरळ, प्रश्न वाकडा

डिसेंबर उजाडला की लेडीज हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये एक ओळखीचा वास पसरतो. तापलेल्या केसांचा! कॉलेजचे डेज, गॅदरिंग, कुणाच्या तरी ताईचं लग्न आणि त्यातच कॅम्पस प्लेसमेंटचे इंटरव्ह्यू. सगळं एकाच हंगामात येतं. खोलीत स्ट्रेटनर एक आणि रांगेत पाच जणी. ‘तुझं झालं की मला दे गं’, ‘मागच्या बटा राहिल्यात, जरा फिरव ना’ असा जाम गोंधळ चालू असतो. मुलांनी हसायचं कारण नाही. आरशासमोर ड्रायर घेऊन कपाळावरचा कोंबडा बसवणारे वीर मुलांच्या हॉस्टेलमध्येही कमी नाहीत.

आधीच सांगून टाकतो, आमचा ड्रायरला विरोध नाही की स्ट्रेटनरला. सजणं ही आनंदाची गोष्ट आहे. पार्लरमध्ये दरवेळी पैसे मोजण्यापेक्षा घरच्या घरी केस सेट करता आले तर उत्तमच. पण हातात जवळपास २०० अंशांचं यंत्र घेताना दोन गोष्टी माहीत असाव्यात. केसांचं नेमकं काय होतंय ही एक आणि हे आपण कुणासाठी करतोय ही दुसरी.

पहिली गोष्ट सोपी आहे, बारावीचं केमिस्ट्री आठवा. केस केरॅटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. या प्रथिनाच्या साखळ्यांना जोडणारे हायड्रोजन बंध पाण्याने आणि उष्णतेने सुटतात. केस ताणून धरून वाळवले आणि तसेच थंड होऊ दिले की हे बंध नव्या जागी जुळतात. झाले केस सरळ! पण हवेतला ओलावाही हेच बंध पुन्हा सोडवतो. म्हणून तर सकाळी तासभर खपून केलेले सरळ केस जुलैमधल्या मुंबईत दादर येईपर्यंत पुन्हा मूळ पदावर येतात. त्यात दोष ना तुमचा, ना मशीनचा. केसांचं मूळ वळण टिकवणारे डायसल्फाइड बंध आणखी घट्ट असतात. ते मोडायला पार्लरमधली रसायनं लागतात.

म्हणजे केसांचं सरळपण तात्पुरतं. इजा मात्र कायमची. कारण डोक्याबाहेर आलेला केस जिवंत नसतो. हात भाजला तर नवी कातडी येते, केस भाजला तर तो भरून येत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे तुमचे केस ३० सेंटिमीटर लांब असतील तर त्यांची टोकं अडीच वर्षांपूर्वीची आहेत. एफवायच्या फ्रेशर्स पार्टीला फिरवलेला स्ट्रेटनर, पहिल्या ट्रॅडिशनल डेचा ड्रायर, मैत्रिणीच्या वाढदिवसाला केलेले कर्ल्स, सगळ्याचा हिशेब त्या टोकांवर साठलेला असतो. मग केसांना फाटे फुटतात आणि आपण शाम्पूला शिव्या घालतो.

हा हिशेब आटोक्यात ठेवता येतो. बरेचसे स्ट्रेटनर २३० अंशांपर्यंत तापतात, पण आकडा आहे म्हणून तो गाठायलाच हवा असं कुठे लिहिलंय? केस बारीक किंवा रंगवलेले असतील तर १५० अंशांच्या आसपास भागतं, जाड केसांना १८० पुरतात. एकाच बटेवर दहा वेळा घाईघाईने फिरवण्यापेक्षा लहान बट घेऊन एकदाच सावकाश फिरवा. तेल लावून गरम प्लेट फिरवू नका, ते केस तळणंच झालं. हीट प्रोटेक्टंट जरूर लावा, पण ते चिलखत आहे असं समजू नका. त्याचा पातळ थर उष्णतेचा वेग कमी करतो, उष्णता थांबवत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, ओल्या केसांवर स्ट्रेटनर कधीही नको. केसाच्या आत राहिलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती बाहेर पडताना केसाच्या आत पोकळ्या तयार करते. त्वचारोगतज्ज्ञ याला ‘बबल हेअर’ म्हणतात. असा केस त्या जागी तुटतो. प्लेट फिरवताना ‘चर्र’ आवाज आला की समजा, केस ओरडतोय. तिथेच थांबा.

मग ड्रायर वाईट का? इथे जरा गंमत आहे. कोरियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या अंतरावरून ड्रायर फिरवून केस तपासले. ड्रायर ५ सेंटिमीटरवर धरला तेव्हा तापमान ९५ अंशांपर्यंत गेलं, १५ सेंटिमीटरवर ते ४७ अंश होतं. जितकं जवळून तापवलं, तितकं वरचं आवरण जास्त खराब झालं. पण केसांच्या आतल्या एका नाजूक थराला इजा झाली ती नुसत्या हवेवर वाळू दिलेल्या केसांमध्ये, कारण ते फार वेळ ओले राहिले होते. त्यामुळे आधी टॉवेलने हळूच टिपून घ्या, मग वीतभर अंतरावरून ड्रायर सतत हलता ठेवा. ‘ड्रायर म्हणजे टक्कल’ असं सांगणाऱ्या मावशींना हे जरूर सांगा. फक्त आवाज चढवू नका.

आणि हो, विजेचं भान ठेवा. आपल्याकडच्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटची क्षमता २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॅट. त्यावर एक्स्टेन्शन बोर्ड, बोर्डावर २००० वॅटचा ड्रायर आणि शेजारी मॅगीसाठी चहाची किटली, हे गणित जुळत नाही. खोक्यावरचा वॅटचा आकडा वाचा, मोठ्या ड्रायरला १६ अँपिअरचं सॉकेट द्या. स्ट्रेटनर वीज कमी खातो, पण चालू ठेवून गादीवर टाकला तर खोली पेटवू शकतो. हॉस्टेलच्या मॅडम उगाच ओरडत नाहीत.

आता दुसरी गोष्ट. कुणासाठी?

हौस म्हणून केस सरळ करणं वेगळं आणि लाजेपोटी करणं वेगळं. कुरळ्या केसांच्या मुलीला शाळेपासून ऐकावं लागतं, ‘आज केस विंचरले नाहीस का गं?’ विंचरलेले असतात हो! ते तसेच आहेत. वर्गात ‘नूडल्स’ आणि ‘झिपरी’ ही नावं पडतात. फोटो काढताना कुणीतरी ‘अवतार आवर जरा’ म्हणतं. सिनेमाने तर सूत्रच ठरवून टाकलंय. मध्यंतरापूर्वी चष्मा आणि कुरळे केस, मध्यंतरानंतर चष्मा गायब, केस सरळ आणि हिरो फिदा. अलीकडे मिथिला पालकरसारख्या अभिनेत्री आपले कुरळे केस मिरवत पडद्यावर आल्या आणि कितीतरी मुलींना हायसं वाटलं. पण पडद्यावरचं कौतुक इंटरव्ह्यूच्या खोलीपर्यंत अजून नीट पोचलेलं नाही.

प्लेसमेंटच्या आदल्या दिवशी सूचना मिळते, ‘केस नीटनेटके हवेत.’ सूचना योग्यच आहे. प्रश्न आहे तो नीटनेटके म्हणजे काय याचा. स्वच्छ, विंचरलेले, डोळ्यांवर न येणारे, एवढाच अर्थ असेल तर कुरळे केसही त्यात बसतात. पण सगळ्यांच्या मनात त्याचा अर्थ गुपचूप ‘सरळ’ असा झालाय. म्हणून ज्या सकाळी कंपनीची माहिती आणि आपला प्रोजेक्ट एकदा डोळ्यांखालून घालायचा, त्या सकाळी एखादी मुलगी पाचला उठून दीड तास केसांशी झगडते. शेजारी बसलेल्या सरळ केसांच्या मैत्रिणीला तोच दीड तास अभ्यासाला मिळतो. ही स्पर्धा बरोबरीची आहे का?

कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा करून केसांच्या नैसर्गिक पोतावरून नोकरीत आणि शाळेत होणारा भेदभाव बेकायदा ठरवला. तिथे या प्रश्नामागे कृष्णवर्णीयांनी सोसलेल्या वर्णद्वेषाचा मोठा इतिहास आहे. आपली गोष्ट तेवढी जहरी नाही, पण जन्मतः मिळालेल्या केसांवरून माणसाची शिस्त जोखण्याची खोड आपल्यालाही आहेच.

ती मोडायला कायद्याची वाट पाहायला नको. प्लेसमेंट सेलने सूचनेत एक ओळ वाढवावी, ‘केस सरळ किंवा कुरळे, स्वच्छ आणि आवरलेले असावेत.’ मॉक इंटरव्ह्यू घेणाऱ्या सरांनी आणि मॅडमनी केसांवर शेरा मारण्याआधी क्षणभर थांबावं. आणि आपण? आपण मैत्रिणीला ‘स्ट्रेट केलेस की काय भारी दिसतेस!’ म्हणतो, तेव्हा उरलेल्या दिवसांबद्दल तिला काय सांगत असतो, याचा विचार करावा.

गॅदरिंगला खुशाल केस सरळ करा, दुसऱ्या दिवशी कुरळे मिरवा. मशीन तुमचं, केस तुमचे. प्लग लावण्याआधी फक्त एवढंच विचारा, आज हे मला करावंसं वाटतंय की न करून चालणार नाही असं वाटतंय? उत्तर पहिलं असेल तर १५० वर ठेवा आणि मजा करा. दुसरं असेल तर आज स्ट्रेटनर ड्रॉवरमध्येच राहू दे. केस धुवा, विंचरा आणि तसेच जा. तुमच्याशी बोलायला बसलेल्या माणसाने तुमचं उत्तर ऐकावं, केस मोजू नयेत.