बाबा, तुम्ही बसा

बाबांची सायकल मी सोसायटीच्या वॉचमनला देऊन टाकली, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी माझं कौतुक केलं. बाबा तेव्हा ६३ वर्षांचे होते. भोसरीतल्या कारखान्यात तीस वर्षं सायकलने गेले-आले आणि निवृत्तीनंतरही दूध, भाजी, दळण, बँक सगळं सायकलवरच. एका पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकवर चाक घसरलं. कोपर खरचटलं, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, विषय संपला. पण मी ऑफिसातून सुट्टी टाकून धावत आलो, ताईने नागपूरहून व्हिडिओ कॉल केला आणि आम्ही दोघांनी ठरवून टाकलं की आता पुरे. दूध ॲपवरून, भाजी ॲपवरून, बँक फोनवर. ‘बाबा, तुम्ही बसा. आयुष्यभर केलंत ना?’

बाबा काही बोलले नाहीत. फक्त सायकलची किल्ली त्यांनी दिली नाही. वॉचमनने कुलूप तोडून घेतलं.

पुढच्या वर्षी गणपतीत नैवेद्य दाखवून उठताना त्यांनी आधी पाट धरला, मग भिंत, मग माझा खांदा. आम्ही फिजिओथेरपिस्टकडे गेलो. तिने त्यांना एका साध्या खुर्चीत बसवलं, हात छातीवर दुमडायला सांगितले आणि ३० सेकंदांत जितक्या वेळा पूर्ण उभं राहता येईल तितक्या वेळा उठा-बसा म्हणाली. ६० ते ६४ वयाच्या पुरुषाला १४ वेळा जमलं नाही, तर ते सरासरीच्या खाली धरतात. बाबांना ९ वेळा जमलं. ‘गेल्या वर्षभरात काय बदललं?’ तिने विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

माझं भांडण माझ्याशी आहे, आणि माझ्याच वयाच्या तुमच्याशीही. आईबाबांची काळजी म्हणजे त्यांना हलू न देणं, हे आपल्याला कोणी शिकवलं? ऑफिसात एखादं फीचर एकदा क्रॅश झालं म्हणून कोणी ते फीचरच काढून टाकलं आणि त्याला ‘फिक्स’ म्हटलं, तर मी रिव्ह्यूमध्ये त्याची शोभा करीन. घरी मी नेमकं तेच केलं. पडण्याची भीती होती म्हणून पडण्यापासून वाचवणारे पायच काढून घेतले. म्हातारपणी माणूस पडतो तो बऱ्याचदा सायकलवरून नाही, तर बाथरूममध्ये, रात्री पाणी प्यायला उठताना. तिथे त्याला सावरतात ते मांडीचे स्नायू आणि शरीराचा तोल, आणि या दोन्ही गोष्टी वापरल्या नाहीत की जातात.

‘वयच झालं आता’ या वाक्याचा मला राग येतो. ते अर्धंच खरं आहे. वयाबरोबर स्नायू झिजतात हे खरं, पण त्यातली किती झीज वयाची आणि किती खुर्चीची, हे आपण विचारतच नाही. १९९० साली अमेरिकेत एका वृद्धाश्रमातल्या, साधारण नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायचा व्यायाम दिला. एक जण मध्येच थांबला. उरलेल्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! आणि आपण साठीतल्या माणसाच्या हातातली भाजीची पिशवी काढून घेतो.

फ्रान्सचे रोबेर मार्शां २०१२ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, ट्रॅकवर एका तासात २४ किलोमीटरहून जास्त सायकल चालवून गेले. दोन वर्षांनी परत आले आणि तासाभरात जवळपास २७ किलोमीटर केले. म्हणजे १०२ व्या वर्षी ते स्वतःपेक्षाच वेगवान झाले होते. मधल्या काळात व्यायामाची आखणी बदलली होती: बहुतेक वेळ आरामात पॅडल मारायचं, थोडा वेळ जोर लावायचा. शास्त्रज्ञांनी मोजलं, तर शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमताही वाढलेली निघाली.

पण मला अशा गोष्टींची एक अडचण वाटते. त्या आपण रील म्हणून बघतो. नऊवारीतली आजी डेडलिफ्ट मारते, आपण हृदय टाकतो, फॅमिली ग्रुपवर पाठवतो, आणि खाली उतरायला निघालेल्या आपल्या आजीला म्हणतो, ‘अगं, लिफ्टने जा.’ मार्शांसारखा माणूस लाखात एक असतो. बाबांना कुठलाही विक्रम करायचा नव्हता. त्यांना पाव किलो गवार आणायची होती.

आईचं तर आणखी वेगळं. तिला सायकल कोणी शिकवलीच नाही आणि तिच्या व्यायामाचा विषय निघाला की घरात सगळ्यांचं एकच उत्तर: ‘ती दिवसभर कामच करते की.’ कामाची हालचाल मोजली जाते, हे मान्य. पण जागतिक आरोग्य संघटना पासष्टीच्या पुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम हालचालीशिवाय दोन दिवस स्नायूंचा आणि तीन दिवस तोल सांभाळायचा व्यायामही सांगते. ओट्यासमोर तीन तास उभं राहून पोळ्या लाटण्यात यातलं काय होतं? पाठ दुखते, इतकंच.

तुम्ही म्हणाल, रस्ते बघितलेस का? बघतो, रोज. सायकलींचं शहर म्हणून मिरवलेल्या पुण्यात सायकल ट्रॅकवर गाड्या लावलेल्या असतात आणि तो ट्रॅक अचानक एखाद्या विजेच्या डीपीपाशी संपतो. २०१७-१८ च्या सुमारास ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या रंगीत सायकली आल्या आणि बघता बघता दिसेनाशा झाल्या. भीती खरी आहे. पण रस्ता वाईट म्हणून आपण रस्त्यावर चिडत नाही, आपण बाबांना घरी बसवतो. तक्रार करण्यापेक्षा ते सोपं पडतं.

आणि सायकल म्हणजे रामबाण नाही, हेही सांगून टाकतो, नाहीतर सायकलवाल्या काकांचा ग्रुप मला डोक्यावर घेईल. सायकलवर शरीराचा भार सीट पेलते, त्यामुळे हाडांना त्यातून फारसं काही मिळत नाही. त्यासाठी चालणं, जिने, वजन उचलणं हवं. हृदयाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टर. उंच दांडीच्या सायकलवर टांग मारणं साठीनंतर खरंच धोक्याचं असतं. मग दांडी नसलेली सायकल घ्या, सीट इतकी खाली करा की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. पडल्यावर हेच करायला हवं होतं, पन्नास रुपयांच्या पान्याचं काम होतं.

दिवाळीच्या आधी मी जुन्या बाजारातून तशी एक सायकल आणली. बाबा तिच्याकडे बघून म्हणाले, ‘ही लेडीज आहे.’ चार दिवस तिला हात लावला नाही. पाचव्या दिवशी पहाटे सहाला खाली बेल वाजली, मी गॅलरीतून पाहिलं तर ते पार्किंगमध्ये गोल गोल फिरत होते आणि वॉचमन कडेला उभा राहून सूचना देत होता. खुर्चीवरचा आकडा आता १२ वर आलाय. त्या परीक्षेला आता आईही बसते आणि तिचे ११ झाले, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

ॲपवरचं दूध बंद करायचं मात्र मी विसरलो. काल घरात तीन लिटर दूध होतं. आईने पनीर केलं.