सुकडीची चव



मागच्या हंगामात अंकुशनगरला जाण्याचा योग आला. मावशीच्या पणतूचं नामकरण होतं. अंबड तालुक्यातलं हे अंकुशनगर म्हणजे साखर कारखान्याची वसाहत. रस्त्याला उसाच्या गाड्यांची रांग, हवेत मळीचा वास आणि पलीकडे मोकळ्या रानात ऊसतोड कामगारांच्या कोप्या.

जेवणं उरकल्यावर पोरंसोरं रंगीत पुड्या फोडून कुरुमकुरुम खात बसली. आम्ही साठी ओलांडलेली मंडळी एका बाजूला. बोलता बोलता विषय निघाला लहानपणीच्या खाऊचा. कुणाला आठवड्याच्या बाजारातली गुडीशेव आठवली, कुणाला रेवडी, कुणाला सायकलवरच्या पेटीतलं गारेगार. एकाने रावळगावच्या गोळ्यांची आठवण काढली. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावात १९४२ पासून त्या गोळ्या बनायच्या. २०२४ साली ते नाव रिलायन्सने विकत घेतलं.

मी म्हणालो, "तुमचा खाऊ आज ना उद्या कुठल्या तरी दुकानात मिळेल. माझा कुठंच मिळायचा नाही. मला सुकडी पाहिजे. तशी चव पुन्हा जिभेला लागली नाही."

सगळे हसले. मावशी मात्र हसली नाही.

तरुण वाचकांसाठी सांगतो. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, जनावरं गेली, खायला परदेशातून आलेला मिलो नावाचा लाल जोंधळा. सरकारने दुष्काळी कामं काढली. पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणं. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं या कामांवर होती. तिथे मजुरांना मजुरीशिवाय पोषण म्हणून जो तयार गोड खाऊ वाटायचे, ती सुकडी. तपकिरी रंग, भाजलेल्या पिठाचा वास.

माझं वय तेव्हा सात वर्षांचं. बाप मुंबईला कामाच्या शोधात गेलेला. माय आणि मावशी, दोघी बहिणी एकाच गावात दिलेल्या, दोघीही खडीवर. दिवस मावळायला आला की आम्ही तिघं भावंडं गावाबाहेरच्या बाभळीखाली उभे राहायचो. बाया यायच्या त्या डोक्यापासून पायापर्यंत धुळीने पांढऱ्या. कोणती आपली माय ते जवळ आल्याशिवाय ओळखू यायचं नाही. ओळखू आली की आम्ही तिच्या पदराच्या गाठीवर तुटून पडायचो. गाठीत सुकडी असायची. घामाने थोडी ओली झालेली.

"माय, तू खाल्ली का?" असं एखादं भावंड विचारायचं. तिचं उत्तर ठरलेलं, "मला गोड चालत नाही रे. पित्त होतं."

हे आम्ही इतकं खरं मानलं, की पुढे मी नोकरीला लागलो, घरात साखरेचा डबा कधी रिकामा राहिला नाही, तरी मायला चहा बिनसाखरेचाच दिला. पौर्णिमेला घरात खीर व्हायची, तिची वाटी न विचारता नातवाकडे जायची. तिनेही कधी मागितली नाही.

मावशी म्हणाली, "पित्त कशाचं आलंय! दिवसभर उपाशी पोटी खडी फोडल्यावर पित्त होणार नाही तर काय? दुपारच्याला सुकडी वाटायचे. आम्ही बाया तिथंच खायचो. तुझी माय पदरात बांधायची आन् वर पाणी प्यायची. ती सुकडी तुमच्यासाठी नव्हती रे. ती तिच्या वाट्याची होती. आन् गोडाचं म्हणशील, तर लहानपणी आमचा बाप बाजारातून गुडीशेव आणायचा, तवा माझ्या वाट्याची बी तीच खायची!"

माय जाऊन आता पंधरा वर्षं झाली. तिच्या हातात साखरेचा एक चहा द्यावा म्हटलं, तर आता कुणाला देऊ?

वाचकहो, एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. ती सुकडी भीक नव्हती. दगड फोडणाऱ्या हातांना मिळालेला तो वाटा होता. त्याच दुष्काळी कामांच्या अनुभवातून पुढे १९७७ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि २००५ साली सगळ्या देशासाठी तसा कायदा आला. काम मागणं हा हक्क आहे, हे सरकारने मान्य केलं, त्यामागे आपल्या मायबापांचा घाम आहे. म्हणून सुकडीची आठवण काढताना लाजायचं कारण नाही. पण नुसतं "काय गोड होती!" म्हणून मिटक्या मारणंही बरं नव्हे. ती गोड लागली, कारण आपल्याला भूक होती. आणि ती आपल्यापर्यंत पोचली, कारण दुसरं कुणीतरी उपाशी राहिलं होतं.

संध्याकाळी मावशीने चुलीपुढे बसकण मारली. गव्हाची भरड तेलावर खरपूस भाजली, शेंगदाण्याचं कूट घातलं, वरून किसलेला गूळ. "तशी नाही व्हायची," म्हणाली. खरंच तशी झाली नाही. जास्त चांगली झाली.

तेवढ्यात कोपीवरची एक बाई नळावर पाण्याला आली. सकाळपासून ऊस तोडून, मोळ्या वाहून आलेली, मागे दोन लेकरं. १९७६ साली जायकवाडी धरण झालं, कालव्याला पाणी आलं, ऊस आला, कारखाना आला. तरी उसाच्या फडात जाणारी माय दमून तशीच परत येते.

मावशीने वाटीभर सुकडी तिच्यापुढे धरली. बाईने सवयीने पदर पसरला, लेकरांकडे पाहिलं. मावशीने वाटी मागे घेतली.

"आधी तू खा. माझ्यासमोर. मग लेकरांना दे. त्यांच्यासाठी वेगळी काढून ठेवली हाय."

बाई लाजली, पण तिने खाल्ली.

वाचक बंधू-भगिनींनो, आज जेवायला बसाल तेव्हा घरातल्या माऊलीला एवढंच विचारा, "तुला काय आवडतं?" "मला चालत नाही" असं ती म्हणाली, तर लगेच खरं मानू नका.